कॅमेऱ्याचा टप्पा

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस पहिल्या दमात भाव विचारत नाही. तो घोड्याभोवती फिरतो, जबडा उघडून दात पाहतो, खूर उचलतो, कानांची टोकं कशी वळली आहेत ते निरखतो, मग मालकाला घोडा चालवून दाखवायला सांगतो. पैशाची गोष्ट त्यानंतर. हाच माणूस पोरासाठी कॅमेरा घ्यायला धुळ्याच्या नाहीतर सुरतेच्या दुकानात गेला, की मात्र एकच प्रश्न विचारतो : किती एक्स? दुकानदार खूश होतो. तो आकडा डब्यावर ठळक छापलेला असतो आणि त्यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

लांबचे फोटो काढण्यासाठी परवडणारा कॅमेरा कसा निवडावा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर तापीकाठचा, शहादा-तळोद्याकडचा माणूस आहे : शाळेत शिकवणारा, शेती बघणारा, यात्रेत फिरणारा, पक्ष्यांचा नाद लागलेला. त्याच्याकडे एकदाच खर्च करण्यापुरते पैसे आहेत. त्याने डब्यावरचा आकडा बाजूला ठेवावा आणि आपला टप्पा आधी मोजावा, हे माझं म्हणणं. आपल्याला ज्याचा फोटो हवा ते नेमकं किती दूर असतं, किती मोठं असतं, आणि कोणत्या उजेडात असतं?

एक्स म्हणजे अंतर नव्हे. लेन्स पूर्ण ताणलेली असतानाचं नाभीय अंतर भागिले पूर्ण आखडलेली असतानाचं नाभीय अंतर, एवढाच तो भागाकार. निकॉनचा कूलपिक्स पी९०० हा २०१५ साली आला. त्याची लेन्स २४ ते २००० मिमी, म्हणून तो ८३ एक्स. कॅननचा २०१८ चा एसएक्स७० एचएस २१ ते १३६५ मिमी, म्हणून ६५ एक्स. आता पक्ष्यांमागे फिरणारी मंडळी जी १५०-६०० मिमीची सिग्मा किंवा टॅमरॉनची लेन्स खांद्यावर वागवतात, तिचा भागाकार करून पाहा : फक्त ४. आणि २४-१२० ची लेन्स ‘फाइव्ह एक्स’ असूनही लग्नाच्या मांडवाबाहेर तिचा फारसा उपयोग नाही. एक्सने दोन कॅमेऱ्यांची तुलना करणं इतकं फसवं आहे. विचारायचं ते शेवटचं टोक : किती मिमीपर्यंत जातो?

या मिमींचाही एक घोळ आहे, तो इथेच मिटवतो. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतले सेन्सर लहानमोठे असतात, म्हणून जुन्या ३५ मिमी रिळाच्या हिशेबाने सगळे आकडे एका पातळीवर आणतात. या पुस्तिकेतले मिमी त्याच हिशेबाचे आहेत. सुट्या लेन्सांची नावं मात्र त्यांच्यावर छापलेल्या आकड्यांनीच घेतली आहेत. साध्या डीएसएलआरच्या, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या, सेन्सरवर छापील आकड्याला दीडने गुणायचं, कॅननच्या बाबतीत १.६ ने. कॅननची ५५-२५० ची छोटी लेन्स अशी ४०० मिमीपर्यंत पोचते.

हिशेब मनात करता येतो. फ्रेममध्ये मावणारी रुंदी काढायची तर अंतराला ३६ ने गुणायचं आणि मिमीने भागायचं. १०० मीटरवर २००० मिमीने १.८ मीटर रुंदीची जागा फ्रेम भरते, ६०० ने ६ मीटर, ४०० ने ९ मीटर. हे एक सूत्र खिशात असलं की निम्मी जाहिरात गळून पडते.

हे सूत्र घेऊन यात्रेत जाऊ. घोड्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी अडीच मीटरच्या आसपास. आजूबाजूला थोडी जागा सोडून चार मीटरची फ्रेम धरली, तर १५ मीटरवर उभं राहून १३५ मिमी पुरतात. रेवाल चालीची किंवा दौडीची स्पर्धा कठड्यापलीकडून, ४० मीटरवरून टिपायची तरी ३६० मिमी. म्हणजे घोड्यांसाठी ८३ एक्सची गरजच नाही. यात्रेत लांब लेन्स लागते ती वेगळ्या कारणासाठी. मोबाइल घेऊन घोड्याच्या तोंडाशी गेलं की मुंडकं मोठं आणि मागचे पाय बोकडाचे दिसतात. जरा मागे सरून लांब लेन्सने काढलं की घोड्याचा बांधा जसा आहे तसा येतो. मारवाडी घोड्याच्या कानांची आत वळून एकमेकांना भिडणारी टोकं, काठियावाड्याची कपाळापासून नाकापर्यंतची खोलगट रेघ, हे सगळं प्रमाणात राहतं. घोडे विकणाऱ्यांनाही असाच फोटो हवा असतो. पण यात्रेत दोन शत्रू आहेत, धूळ आणि संध्याकाळ. मार्गशीर्षात सहा वाजायच्या आत दिवस मावळतो, आणि रंगत चढते ती नेमकी त्याच सुमाराला. तिथे लांबी कामाची नाही, उजेड ओढणारी लेन्स कामाची.

नदीवर उलट परिस्थिती. तापीवर सारंगखेड्याला एक आणि खालच्या अंगाला प्रकाशाला दुसरं बॅरेज झाल्यापासून पात्रात लांबवर पाणी साठून राहतं. हिवाळ्यात अशा पाण्यावर बदकं उतरतात आणि ती नेहमी पलीकडच्या काठाला असतात, हा अनुभव पक्षी पाहणाऱ्या प्रत्येकाचा. चक्रवाक सुमारे ६५ सेंटिमीटरचा. तो १०० मीटरवर असेल आणि दोन मीटरची फ्रेम हवी असेल, तर १८०० मिमी लागतात. २०० मीटरवर असेल तर ३६००, आणि इतकं कोणत्याच परवडणाऱ्या कॅमेऱ्यात नाही. ८३ एक्सवाल्यांचं खरं राज्य ते इथे.

तिसरा टप्पा जंगलाचा. तिथे मला थोडं थांबायचं आहे, कारण लांबचा फोटो कशासाठी काढायचा याचं उत्तर याच शहादा तालुक्याने जगाला दिलं आहे.

वनपिंगळा हा वीतभर, २३ सेंटिमीटरचा घुबडाच्या जातीचा पक्षी. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडात तो पहिल्यांदा मिळवला आणि पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. त्यानंतर मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, काही वनपिंगळे मारून त्यांची कातडी जमवली. मारून म्हणजे बंदुकीने. त्या काळी पक्षी पाहिला याचा पुरावा म्हणजे पेंढा भरलेलं कातडं. १८८४ नंतर हा पक्षी कुणालाच सापडला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, एवढीच त्याची मालमत्ता.

त्यांपैकी एक तर चोरीचं निघालं. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन या नावाजलेल्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला, म्हणजे आपल्याच तापीच्या काठी, वनपिंगळा मिळवल्याची चिठ्ठी एका कातड्याला लावली होती. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडं तपासलं तेव्हा उघड झालं, की ते डेव्हिडसनच्याच संग्रहातलं होतं, उसवून नव्याने शिवलेलं. त्या एका खोट्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले होते. ती बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट जुन्या खऱ्या जागांवर गेले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, उघड्या फांदीवर ऊन खात बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. या वेळी कुणी बंदूक उचलली नाही. व्हिडिओ घेतला, फोटो घेतले आणि जगाने ते मान्य केलं.

आता यात कॅमेऱ्याचं तंत्र कुठे येतं ते पाहा. गावोगावी विजेच्या तारेवर दिसणारा साधा ठिपकेदार पिंगळा आणि हा दुर्मीळ वनपिंगळा यांत मोठी खूण डोक्यावरची : साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, वनपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. शिवाय पंख-शेपटीवरचे रुंद पट्टे आणि पांढऱ्या पिसांनी जाड दिसणारे पाय. ठिपके मिलिमीटरांत मोजायचे. फोटोत ते सुटे सुटे दिसले तर पुरावा, मिसळून राखाडी झाले तर नुसता फोटो. पक्षी ३० मीटरवर असेल आणि ६० सेंटिमीटरची फ्रेम हवी असेल, तर १८०० मिमी लागतात. १५ मीटरवर असेल तर ९०० पुरतात. छऱ्याच्या बंदुकीचा टप्पा साधारण ३०-४० मीटरच असे. डेव्हिडसन जिथून बार काढत असतील, त्याच अंतरावरून आज मध्यम किमतीचा कॅमेरा तेवढाच पक्का पुरावा देतो, आणि पक्षी फांदीवर बसून राहतो. २०१८ मध्ये वनपिंगळ्याचा दर्जा अतिसंकटग्रस्त वरून संकटग्रस्त झाला, त्यामागे नव्या नव्या ठिकाणी तो आढळल्याच्या नोंदी होत्या. अशी नोंद शहाद्याच्या एखाद्या शिक्षकानेही करावी, त्याला पुण्या-मुंबईहून कुणी यायची वाट पाहू नये, असं मला वाटतं.

जंगलातला उजेड मात्र नदीसारखा नसतो, आणि इथूनच निवडीचा खरा पेच सुरू होतो.

लेन्सची लांबी सगळे विचारतात, तिच्या डोळ्याची रुंदी कुणी विचारत नाही. लेन्सचं प्रत्यक्ष नाभीय अंतर भागिले एफचा आकडा, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या वाटेची रुंदी. पी९०० चं २००० मिमी हे रिळाच्या हिशेबाचं. प्रत्यक्षात ते ३५७ मिमी असतं आणि तिथे त्याचं ॲपर्चर एफ/६.५. भागाकार ५५ मिमी. एसएक्स७० चा असाच ३८ मिमी. कॅननच्या ५५-२५० चा सुमारे ४५. सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० चा ९५. निकॉनचाच पी१०००, २०१८ साली आलेला, ३००० मिमीपर्यंत जाणारा, १४१५ ग्रॅमचा धटिंगण, त्याचा ६७. आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४, ज्याचं नाव जाणकार हलक्या आवाजात घेतात, त्याचा? २४-६०० मिमी, शेवटच्या टोकाला प्रत्यक्ष २२० मिमी, एफ/४. पुन्हा ५५.

हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी तो दोनदा तपासला. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा पी९०० सुमारे ६०० डॉलरना होता आणि आरएक्स१० मार्क ४ सुमारे १७०० ना. तरीही दूरच्या एका बदकाकडून दोघेही सारखाच प्रकाश गोळा करतात. सोनी तो प्रकाश मोठ्या, एक इंची म्हटल्या जाणाऱ्या सेन्सरच्या लहानशा तुकड्यावर टाकतो; निकॉन तो आपल्या नखाएवढ्या सेन्सरवर पूर्ण पसरतो. सोनीचा फोटो कापून २००० मिमीएवढा केला, तर २० मेगापिक्सेलमधले जेमतेम दोन हातात राहतात. निकॉनचे १६ म्हणायला १६, पण एफ/६.५ ला प्रकाशाचं विवर्तनच (छिद्रातून जाताना पसरणं) असं होतं, की प्रत्येक बिंदूचा आठ-नऊ मायक्रॉनचा ठिपका पडतो आणि सेन्सरवरचा एकेक पिक्सेल १.३ मायक्रॉनचा असतो. कागदावरच्या मेगापिक्सेलचा असा भुगा होतो. तात्पर्य असं, की स्वच्छ उन्हात, न हलणाऱ्या, दूरच्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजून फार काही पदरात पडत नाही. जास्तीचे पैसे कामाला येतात ते जवळच्या, धावत्या, संध्याकाळच्या गोष्टीसाठी. तिथे सोनी निकॉनला कुठल्या कुठे मागे टाकतो. तो फोकस झटकन धरतो आणि सेकंदाला २४ फोटो काढतो.

उजेडाचं गणितही एकदा पाहून घेऊ. रिळाच्या काळातल्या जुन्या नियमाने, भर उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनक्षमता) १०० ला आणि एफ/१६ ला शटर १/१०० सेकंद. तेच एफ/६.५ ला १/६०० होतं. पक्षी स्थिर असेल तर भरपूर. पण सकाळी झाडाच्या सावलीत उजेड सोळावा हिस्साच असतो. तेच शटर ठेवायचं तर आयएसओ १६०० करावा लागतो, आणि लहान सेन्सरवर १६०० म्हणजे फोटोत रवा सांडल्यासारखं दिसतं. वनपिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके आणि तो रवा यांत फरक करता येत नाही. शटर कमी करावं, तर २००० मिमीवर हाताची नाडीसुद्धा फोटोत उमटते. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण हाताचा कंप खातं, पण पक्ष्याने मान वळवली तर ते काय करणार? म्हणून जंगलवाल्याने लांबी थोडी कमी घ्यावी आणि सेन्सर मोठा घ्यावा. जुनी डीएसएलआर बॉडी आणि ७०-३०० ची लेन्स त्याला बरी. पक्ष्याच्या जवळ जायचं कसब त्याला शिकावं लागेल, ते वेगळं.

हवेचंही ऐकावं लागतं. दुपारी अकराच्या पुढे कापसाच्या नाहीतर पपईच्या शेतावरून १५० मीटरवरचं काही टिपा. कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्यातून ते पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. तापलेल्या जमिनीवरच्या हवेचे थर सतत प्रकाश वाकवत असतात, मृगजळ दिसतं ते याच कारणाने. तिथे झूम वाढवला की हलणंच मोठं होतं. सातपुड्याच्या रांगेचा फोटो सारंगखेड्यावरून काढायचा तर पाऊस उघडल्यानंतरची सकाळ गाठावी. हिवाळ्यात धुक्याचा आणि धुराचा थर मध्ये येतो. ‘कॅमेरा सॉफ्ट आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांतल्या अनेकांचा कॅमेरा ठीक असतो, वेळ चुकलेली असते.

आता मोबाइल. नव्या महागड्या मोबाइलमध्ये खरोखरीची लांब लेन्स असते, पण ती बहुतेकांत १०० मिमीच्या आसपास. पुढचं ‘१०० एक्स’ म्हणजे कापून मोठं करणं आणि उरलेल्या जागा गणिताने भरणं. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरं फोटोत आली. फोन चंद्र ओळखतो आणि तपशील वाढवतो, असं नंतर कंपनीने समजावून सांगितलं. आठवण म्हणून असा चंद्र चालेल. पण पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके होते की फोनने भरले, हे ज्या फोटोवरून सांगता येत नाही तो नोंदीच्या कामाचा नाही. माइनर्टझहागेनची चिठ्ठी आणि हा फोटो यांत मला फार अंतर वाटत नाही, फक्त इथे लबाडीचा हेतू नाही.

चंद्राचा विषय निघालाच आहे. यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेची, आणि नवा झूम कॅमेरा घेतलेला प्रत्येक जण एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन बाहेर आला की आधी चंद्रावर कॅमेरा रोखतो. रोखावा. २००० मिमीला चंद्र फ्रेमच्या उंचीचा पाऊण भाग व्यापतो, ३००० ला तो फ्रेमबाहेर जातो. मात्र पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या नसतात, म्हणून विवरं सपाट दिसतात. शिवाय हिवाळ्यातला पूर्ण चंद्र इतका उंच चढतो, की आपल्याकडे मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा तेवढा मान वर करत नाही. त्यापेक्षा वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र धरावा. यात्रा तोवर चालू असते. उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं खणून काढल्यासारखी दिसतात. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, शटर १/२५०; अर्ध्याला शटर थोडं सावकाश. चंद्र उन्हात आहे हे विसरून लोक रात्रीचा फोटो म्हणून शटर उघडं ठेवतात आणि पांढरी भाकरी घरी आणतात.

तर घ्यावं काय? नदीवरचे पक्षी आणि चंद्र हेच वेड असेल तर पी९००, शक्य असेल तर २०२० चा पी९५०, कारण त्यात रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल मिळते आणि पी९०० मध्ये ती नाही. पी१००० फक्त ज्याला तो रोज उचलून नेण्याची हौस आहे त्याने घ्यावा. माझ्या मते त्याच्या शेवटच्या हजार मिमीतलं बरंचसं हवाच खाते. घरचे कार्यक्रम, शेत, यात्रा आणि अधूनमधून पक्षी असं सगळं एका पिशवीत हवं असेल तर ६१० ग्रॅमचा एसएक्स७० हलका आणि पुरेसा. यात्रेची धूळ आणि संध्याकाळ डोळ्यांसमोर असेल तर पॅनासॉनिकचा २०१५ चा एफझेड३०० शोधावा : लांबी ६०० मिमीच, पण एफ/२.८ शेवटपर्यंत टिकतं आणि अंग धूळ-पाण्यापासून जपलेलं. बाकीच्या झूम कॅमेऱ्यांची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर सारंगखेड्याची माती. सेन्सरवर बसलेली ती माती घरी पुसता येत नाही, कारण लेन्स निघतच नाही. या एका गोष्टीत डीएसएलआर सरस. कंपन्या आरसा नसलेल्या, ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे जुन्या डीएसएलआर बॉड्या आणि ५५-२५०, ७०-३०० च्या लेन्सा सेकंड हँड बाजारात भरपूर आल्या आहेत. आधी स्वस्तातली लेन्स, पुढे ऐपत आली की १५०-६००, असा जिना फक्त याच वाटेवर आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला मी हीच वाट सांगतो, तो कितीही ‘एक्स’ म्हणून हट्टाला पेटला तरी.

ट्रायपॉडवर पैसे घालण्याआधी ज्वारीने अर्धी भरलेली जाड कापडी पिशवी करून पाहावी. बांधाच्या दगडावर, गाडीच्या खिडकीत, बैलगाडीच्या साठ्यावर ती बसते आणि लेन्स तिच्यात रुतते.

दुरून काढता येतं म्हणून काहीही काढावं, असं नाही. घाटावर स्नानाला उतरलेल्या बायाबापड्या दोनशे मीटरवरून फ्रेम भरतात, आणि त्यांना कळतही नाही. स्त्रीचे खासगी क्षण तिच्या नकळत टिपणं हा २०१३ पासून स्पष्ट गुन्हा आहे; आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो येतो. बॅरेजच्या दारांजवळ मनाईचा फलक असेल तर तिकडे लेन्स वळवू नये. घरट्यावर ठाण मांडून बसणंही टाळावं. वनपिंगळ्यासारख्या पक्ष्याच्या ढोलीचा नेमका पत्ता फोटोसोबत कुणालाही पाठवू नये, तो फक्त वनखात्याला आणि अभ्यासकांना द्यावा. नोंदीसाठी काढलेल्या फोटोची मूळ फाइल, तारीख-वेळेसह, न कापता जपून ठेवावी.

शेवटी खरेदीच्या दिवसाबद्दल. कॅमेरा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तपासू नका, रस्त्यावर आणा. शंभरेक मीटरवरची दुकानाची पाटी पूर्ण झूमवर धरा, चार फोटो हातात धरून आणि चार कठड्यावर टेकवून काढा, आणि पडद्यावर मोठं करून अक्षरांच्या कडा पाहा. दोन्हींत फार फरक असेल तर स्थिरीकरण तपासा, दोन्ही सारखेच धूसर असतील तर लेन्स. मग आकाशासमोरच्या विजेच्या तारेवर फोकस लावून पाहा. तिथे अनेक झूम कॅमेरे पुढे-मागे घुटमळत राहतात. उडणारी घार शोधून फ्रेममध्ये आणा. ती निसटली की क्षणात झूम मागे नेणारं बटण पी९०० आणि त्याच्या भावंडांना लेन्सच्या बाजूला आहे, त्याची सवय तिथेच करून घ्या. माल सेकंड हँड असेल तर लेन्समधून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का पाहा, ताणलेली नळी बोटांनी हलवून खिळखिळी झाली आहे का ते बघा, आणि ॲपर्चर लहान करून निरभ्र आकाशाचा एक फोटो काढा. काळे डाग दिसले तर आत माती आहे. बिलावरचा सिरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवा. बिल हरवलं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, भाव कितीही उतरवला तरी.